टर्मिनेटर किती ओहमचा ते नंतर. आधी तार कुठून कुठे गेली ते बघू

नमस्कार भाऊ,

प्रश्न सविस्तर लिहिलात ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर पट्ट्यात तुमचं केळीचं पॅकहाऊस आहे, आठ रायपनिंग चेंबरचं (केळी पिकवायच्या बंद खोल्या). प्रत्येक चेंबरला एक टेंपरेचर कंट्रोलर आणि एक एनर्जी मीटर, शिवाय तीनशे मीटरवरच्या विहिरीवर पंपाचं स्टार्टर पॅनेल. सगळं आरएस-४८५ वर (दोन तारांवरून उपकरणांचं बोलणं नेणारी पद्धत), भाषा मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. मुख्य पॅनेल ऑफिसशेजारी. तिथून प्रत्येक चेंबरला आणि पंपाला स्वतंत्र कॅट-६ केबल गेली आहे आणि पॅनेलच्या टर्मिनल पट्टीवर सगळ्या ‘ए’ एकत्र, सगळ्या ‘बी’ एकत्र केल्या आहेत. सहा आणि सात नंबरच्या चेंबरचं रीडिंग अधूनमधून जातं, पंपाचं बहुतेक वेळा येतच नाही, आणि ब्लोअर सुरू झाले की त्रास वाढतो. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक चेंबरला, पंपाला आणि पॅनेललाही १२० ओहमचा रेझिस्टर लावून पाहिला, तर आणखी बिघडलं. आता तुमचा प्रश्न असा, की रेझिस्टर किती ओहमचा लावू, आणि रिपीटर (सिग्नल घेऊन नव्याने पुढे पाठवणारा डबा) घेऊ का.

भाऊ, रेझिस्टरची किंमत तुमची अडचण नाही. तुमच्या तारेला दोन टोकं नाहीत, नऊ आहेत, ही अडचण आहे. टर्मिनेटर, म्हणजे हाच रेझिस्टर, तारेच्या टोकाला लावायचा असतो, उपकरणाला नाही. आणि आरएस-४८५ची तार दोन टोकांची असायला हवी. एका टोकापासून निघाली, प्रत्येक उपकरणाला शिवत गेली आणि दुसऱ्या टोकाला संपली, इतकी सरळ. हे जमलं की रेझिस्टरचा प्रश्न आपोआप सुटतो: दोन टोकं, दोन रेझिस्टर, बस.

आता असं का, ते सांगतो. कारण समजलं नाही तर पुढचा इलेक्ट्रिशियन येऊन पुन्हा स्टार, म्हणजे एका जागेहून सगळीकडे वेगळी तार, करून जाईल.

तारेतून सिग्नल साधारण पाच नॅनोसेकंदाला एक मीटर या वेगाने जातो. ट्विस्टेड पेअरचा स्वतःचा एक गुणधर्म असतो, कॅरॅक्टरिस्टिक इंपिडन्स. आरएस-४८५च्या केबलला तो १२० ओहमच्या आसपास, लॅन केबलला १०० ओहम. तार सलग आहे तोवर सिग्नल निवांत पुढे जातो. तार उघडी संपली किंवा तिला फाटा फुटला, की तिथून सिग्नलचा काही भाग मागे फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर आवाज परत यावा तसा. टोकाला तारेइतक्याच ओहमचा रेझिस्टर असेल तर सिग्नल त्यात जिरतो, परत येत नाही. टर्मिनेटरचं काम एवढंच.

तुमच्या टर्मिनल पट्टीवर काय होतं ते बघा. सात नंबरच्या चेंबरने उत्तर पाठवलं. तो सिग्नल पट्टीपर्यंत आला, तर समोर उरलेल्या आठ केबल समांतर जोडलेल्या. आठ केबल, प्रत्येकी १०० ओहम, समांतर म्हणजे साडेबारा ओहम. १०० ओहमच्या तारेतून आलेला सिग्नल साडेबारा ओहमवर आदळला, की पहिल्या धक्क्याला व्होल्टेजचा जेमतेम २२ टक्के भाग पुढे जातो आणि बाकीचा उलटा होऊन सात नंबरकडे परत येतो. मग तो तिकडून पुन्हा इकडे. असं काही फेऱ्या झाल्यावर व्होल्टेज स्थिर होतं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. साठ मीटरच्या केबलमध्ये सिग्नलची जाऊन-येऊन एक फेरी होते ०.६ मायक्रोसेकंदात. रिसीव्हर बिट वाचतो तो साधारण मध्यावर, म्हणजे पन्नास मायक्रोसेकंदांनंतर. तोवर ह्या फेऱ्या शांत झालेल्या असतात. म्हणून कमी वेगाला, कमी अंतरात स्टार बऱ्याचदा चालून जातो. आपल्याकडच्या कित्येक जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये तो चालतोही, आणि त्यामुळेच ‘दोनच तारा त जोडायच्या आहे भो, कशाही जोडा’ असं म्हणणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्या जागी बाकी सगळं अनुकूल होतं म्हणून निभावलं. तुमच्याकडे बाकी काहीच अनुकूल नाही. लांबचा पंप आहे, ब्लोअर आहेत (त्यांवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, असतील असं मी धरून चालतो), आणि वरून ते दहा रेझिस्टर.

दहा रेझिस्टरांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. आठ चेंबर, एक पंप, एक पॅनेल. १२० भागिले दहा म्हणजे १२ ओहम. आरएस-४८५चं मानक १९८३ साली आलं, १९९८ मध्ये सुधारलं गेलं, आणि त्यात ड्रायव्हरने (सिग्नल पाठवणाऱ्या चिपने) ५४ ओहमच्या लोडवर किमान दीड व्होल्ट द्यावेत असं ठरलेलं आहे. ५४ ओहम म्हणजे साधारण दोन टर्मिनेटर आणि बत्तीस उपकरणं. तुम्ही त्याच ड्रायव्हरला १२ ओहम ओढायला लावलंत. व्होल्टेज बरंच खाली बसतं. रिसीव्हरला २०० मिलिव्होल्टचा फरक दिसला की तो बिट ओळखतो, पण दीड व्होल्ट आणि २०० मिलिव्होल्ट यांच्यामधली जी जागा असते ती ब्लोअरचा विजेचा गोंगाट, केबलचा रेझिस्टन्स आणि जुनाट जोड यांच्यासाठी राखलेली असते. ती जागाच तुम्ही खाऊन टाकलीत. म्हणून ब्लोअर बंद असताना चालतं आणि सुरू झाले की तुटतं.

तेव्हा आज पहिलं काम हे करा. सगळ्या उपकरणांचा सप्लाय बंद करा, पॅनेलच्या पट्टीवर ए आणि बी यांच्यामध्ये मल्टीमीटर ओहमवर लावा आणि आकडा लिहून ठेवा. माझा अंदाज, १२ ते २० च्या मध्ये काहीतरी येईल. मग सगळे रेझिस्टर काढा. काढताना कंट्रोलरच्या आतही बघा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये आणि व्हीएफडीमध्ये बारीक डिप स्विच असतो, ‘टर्म’ किंवा १२०आर असं लिहिलेला. तो चालू राहिला तर बाहेरचे सगळे रेझिस्टर काढूनही आत एक शिल्लक राहतो आणि माणूस चक्रावतो. सगळे काढल्यावर मीटर काहीशे ओहम किंवा त्याहून जास्त दाखवेल. आता फक्त पंपाकडे एक आणि सगळ्यात लांबच्या चेंबरला एक लावा. पुन्हा मोजा.

हा आकडा वाचायला शिका, कारण पुढे कायम उपयोगी पडेल. दोन रेझिस्टर समांतर म्हणजे ६० ओहम. उपकरणांच्या इनपुटमुळे तो किंचित कमी, ५५ च्या आसपास दिसू शकतो. लांबच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स मिळवला तर किंचित जास्त. कॅट-६ मध्ये २४ गेजची तार असेल तर ती किलोमीटरला साधारण ८४ ओहम, म्हणजे तीनशे मीटरच्या जाण्यायेण्यात ५० ओहम. पलीकडचा १२० आणि हे ५० मिळून १७०, त्याच्या समांतर अलीकडचा १२०, झाले ७०. म्हणजे ५५ ते ७५ आलं तर खुशाल पुढे जा. १२० च्या आसपास आलं तर एकच रेझिस्टर दिसतोय, दुसरा लागलेला नाही किंवा मधे तार तुटली आहे. ४० आलं तर कुठेतरी तिसरा लपलाय. शून्याजवळ आलं तर ए-बी कुठेतरी चिकटल्या आहेत. ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसाला या एका मोजणीतून निम्मी लाइन दिसते.

एवढ्यानेच तुमचं सहा आणि सात नंबर बहुधा सुरू होईल. पण तिथे थांबू नका. केळी चेंबरमध्ये असताना हे रीडिंग जाणं परवडणारं नाही. इथिलीन दिल्यावर फळ स्वतःच उष्णता टाकायला लागतं, हवा १६ ते १८ अंशांच्या आसपास धरून ठेवावी लागते, आणि रात्री दोन वाजता स्क्रीनवर जुनाच आकडा गोठून बसला असेल तर अख्ख्या लॉटचा रंग बिघडल्यावर सकाळी कळतं. गाडी दिल्लीची बुक असते. म्हणून तारेचा मार्ग नीट करून घ्या.

मार्ग कसा करायचा? चेंबर कॉरिडॉरच्या दोन बाजूंना चार-चार असतील, बहुतेक ठिकाणी तसेच असतात. मग पॅनेलपासून एक नवी केबल कॉरिडॉरमध्ये वरून न्या: एक, दोन, तीन, चार, तिथून पलीकडे वळून पाच, सहा, सात, आठ. आठव्यावर संपवा. शंभर-सव्वाशे मीटरमध्ये काम होईल. आपले वायरमन याला लूपिंग म्हणतात, तेच करायचं. फक्त आठ नंबरवरून पुन्हा पॅनेलला जोडून गोल पूर्ण करू नका. ‘एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालेल’ म्हणून काही जण गोल करतात. आरएस-४८५ मध्ये त्याला टोकच उरत नाही, आणि तुटलेली जागा शोधणंही अवघड होऊन बसतं.

प्रत्येक चेंबरला तार कशी शिवायची, यात काम जमतं किंवा फसतं. येणारी ए आणि जाणारी ए एकाच ट्विन लगमध्ये (दोन तारा बसणाऱ्या धातूच्या टोपीत) दाबा आणि तो लग कंट्रोलरच्या ए टर्मिनलमध्ये घाला. बीचंही तसंच. दोन तारा एका लगमध्ये पक्क्या असल्या की उद्या कंट्रोलर दुरुस्तीला काढला तरी पुढची लाइन तुटत नाही, फक्त लग टेपून ठेवायचा. कंट्रोलरचा टर्मिनल बारीक असेल आणि लग बसत नसेल, तर बाहेर डबीत दोन टर्मिनल ब्लॉक लावा, लाइन त्यांच्यातून पुढे न्या आणि तिथून कंट्रोलरपर्यंत वीतभर फाटा घ्या. मॉडबसच्या सिरियल लाइनच्या मार्गदर्शिकेत एका फाट्याला २० मीटरची कमाल मर्यादा दिली आहे. ती मर्यादा आहे, सवय नव्हे. मी फाटा एक फुटाच्या आत ठेवतो, कारण उपकरणात कोणती चिप बसली आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. काही चिप्स सिग्नलची कड (व्होल्टेज बदलण्याचा क्षण) मुद्दाम संथ ठेवतात, काही पंधरा-वीस नॅनोसेकंदात उडी मारतात. ९६०० बॉड ठेवला म्हणून ती कड संथ होत नाही. वेगवान चिपला काही मीटरचा फाटाही जाणवतो, संथ चिपला नाही. वीतभर फाटा ठेवला की ही चौकशीच करावी लागत नाही.

ही डबी चेंबरच्या आत लावू नका. आत ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते आणि टर्मिनलवर महिन्याभरात हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज येतो. डबी कॉरिडॉरच्या बाजूला, दाराच्या वर. चेंबरच्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलला भोक पाडलंत तर केबल घातल्यावर ते फोम आणि सिलिकॉनने बंद करा, नाहीतर त्या भोकातून थंड हवा बाहेर आणि दमट हवा केबलच्या कडेने डबीत.

कदाचित तुम्ही म्हणाल, की कॉरिडॉरचं सीलिंग बंद झालंय, नवी केबल ओढायला जागा नाही. त्यालाही तोड आहे, आणि ती तुमच्या कॅट-६ मध्येच आहे. तिच्यात चार पेअर असतात, तुम्ही एकच वापरली. आता एका पेअरने चेंबरपर्यंत जा, कंट्रोलर आणि मीटर शिवा, आणि दुसऱ्या पेअरने पॅनेलवर परत या. पट्टीवर एक नंबरची परतीची पेअर दोन नंबरच्या जाणाऱ्या पेअरला जोडा, दोनची परतीची तीनच्या जाणाऱ्याला, असं आठपर्यंत. बाहेरून बघताना स्टारच दिसेल, पण विजेच्या दृष्टीने ती सलग एकच लाइन झाली. लांबी मात्र प्रत्येक केबलची दुप्पट मोजा. आठही मिळून ५०० मीटर झाली तरी ९६०० ला हरकत नाही, मॉडबसच्या मार्गदर्शिकेत त्या वेगाला १००० मीटरपर्यंत मुभा आहे. माझी पसंती तरीही नव्या केबलला, कारण पट्टीवरचे इतके जोड म्हणजे सैल होण्याच्या तितक्या जागा.

दोन्हीही शक्य नसेल तर मग आरएस-४८५ हब घ्या. हा साधा जोड नसतो. त्याच्या प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ड्रायव्हर असतो, त्यामुळे प्रत्येक केबल वेगळी, दोन टोकांची लाइन बनते. तिथे मात्र प्रत्येक केबलच्या पलीकडच्या टोकाला रेझिस्टर लावणं बरोबर आहे. पैसे जातात, पण स्टारच ठेवायचा असेल तर नीट मार्ग तो एकच.

कॅट-६ बद्दल दोन गोष्टी तपासा. पहिली, ए आणि बी एकाच पेअरमधल्या आहेत ना? म्हणजे निळी आणि पांढरी-निळी. एक निळी आणि एक नारिंगी अशी घेतली असेल तर पीळ फुकट गेला. ब्लोअरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा म्हणजे रिसीव्हरला फरकात तो दिसणार नाही, यासाठी तो पीळ असतो. दुसरी, तारेचं टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. रेझिस्टन्स जास्त, आणि स्क्रूखाली दोन-चारदा आवळली की मोडते, बाहेरून कळतही नाही. नवी केबल घ्याल तर आरएस-४८५चीच घ्या, १२० ओहमची, शील्ड असलेली, बारीक तारांच्या जुडग्याची, आणि एक पेअर अधिक एक कॉमन तार अशी.

त्या कॉमन तारेबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या वर्णनात ती कुठेच नाही. आरएस-४८५ दोन तारांवर चालतं असं सगळे म्हणतात. फरक दोन तारांवर मोजला जातो हे खरं, पण रिसीव्हर दोन्ही तारा स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असतील तरच नीट वाचतो. पॅनेलचं ग्राउंड आणि चेंबरच्या कंट्रोलरचं ग्राउंड यांच्यात वीस व्होल्टचा फरक आला तर तो गोंधळतो, जास्त आला तर चिप जाते. कॉमन तार हे फरक बांधून ठेवते. कंट्रोलरवर ‘जी’ किंवा ‘कॉम’ असं टर्मिनल असेल तर ती तिथे जोडा. एनर्जी मीटरवर तसं टर्मिनल नसेल आणि त्याचा पोर्ट आयसोलेटेड (आतून विजेने अलग) असेल तर तिथे काहीच जोडू नका, आणि कृपा करून ती अर्थिंगला तर मुळीच बांधू नका. कॉमन आणि शील्ड दोन्ही अर्थ करायच्या त्या एकाच जागी, मुख्य पॅनेलमध्ये. शील्ड प्रत्येक डबीत पुढे सलग जोडत न्या, पण दुसरीकडे कुठेही पत्र्याला लागू देऊ नका.

ब्लोअरच्या मोटर केबलपासून ही लाइन फूटभर लांब ठेवा. ट्रे एकच असेल तर दुसरा लावा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. व्हीएफडीपासून मोटरपर्यंतची केबल शील्डची असेल तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता पंपाकडे वळू, कारण तो प्रश्न वेगळाच आहे.

लाइन पॅनेलच्या एका बाजूला चेंबरकडे आणि दुसऱ्या बाजूला पंपाकडे गेली तरी तत्त्वतः ती सलग एक लाइन होते. मास्टर, म्हणजे विचारणा करणारी पॅनेलमधली पीएलसी (नियंत्रक संगणक), टोकालाच असला पाहिजे असं अजिबात नाही. तो मधे असला तरी चालतं, फक्त मग पॅनेलमध्ये टर्मिनेटर लावायचा नाही, एक आठ नंबरला आणि एक पंपाला. अनेक जण मास्टर आहे म्हणून तिथे रेझिस्टर लावतातच, तिथे तिसरा होतो. मीटर ४० दाखवतो तो यामुळे.

पण तुमच्या जागी मी पंप त्याच लाइनवर सलग ठेवणार नाही. विहिरीवरचं अर्थिंग वेगळं, पॅकहाऊसचं वेगळं. पंप सुरू होताना त्या दोन अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात ते एकदा मोजा: पंपाच्या बाजूने आलेली रिकामी तार तिकडे अर्थला बांधा, आणि इकडे तिच्यात व पॅनेलच्या अर्थमध्ये मीटर एसी व्होल्टवर लावा. मोजून झालं की ती तार सोडवा. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थ पिटात पाणी घातलेलं नसतं, तेव्हा हा आकडा पावसाळ्यापेक्षा बराच मोठा निघतो. त्यात मे-जूनमध्ये वळवाच्या विजा. जवळपास कुठे वीज पडली की तीनशे मीटरची तार तिचा झटका थेट तुमच्या पीएलसीत आणून टाकते, आणि सगळे चेंबर एकाच वेळी गप्प होतात. एका पंपासाठी आठ चेंबर धोक्यात घालायचे नाहीत.

म्हणून रिपीटरच्या प्रश्नाचं उत्तर असं: चेंबरसाठी नको. पीएलसी धरून तुमची उपकरणं अठरा, मर्यादा बत्तीस. अंतरही मर्यादेत. पण पंपाच्या लाइनच्या सुरुवातीला, पॅनेलमध्ये, आयसोलेटेड रिपीटर जरूर घ्या. तो घेतल्यावर चेंबरची लाइन आणि पंपाची लाइन वेगळ्या झाल्या, म्हणजे टोकं चार झाली. चेंबरच्या लाइनला एक रेझिस्टर आठ नंबरला आणि एक पॅनेलच्या बाजूला. पंपाच्या लाइनला एक रिपीटरच्या आउटपुटला आणि एक पंपाला. पंपाच्या लाइनच्या दोन्ही टोकांना आरएस-४८५साठीचे सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्यांची अर्थची तार जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. मीटरभर गुंडाळलेली अर्थ तार असेल तर प्रोटेक्टर असून नसल्यासारखा. पंपाची फक्त चालू-बंद स्थिती आणि अँपिअर बघायचे असतील तर वायरलेसचाही विचार करा. उघड्या शेतातून तीनशे मीटर ही तिथे मोठी गोष्ट नाही आणि विजेचा रस्ताच बंद होतो.

केबलच टाकायची ठरली तर एचडीपीई पाइपातून, अडीच-तीन फूट खोल, रोटाव्हेटर आणि नांगर पोचणार नाहीत अशी. दोन्ही टोकांना आणि मधे जमिनीत छोटा हौद करून थोडी ढील सोडा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ताणून टाकलेली केबल ती जोडातून ओढून काढते. आणि पाइपाची तोंडं बंद करा, उंदीर तिथूनच शिरतात.

वेगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पुढे कोणीतरी ‘११५२०० करा, स्क्रीन फास्ट होईल’ असं सुचवेल. ९६०० ला एक अक्षर अकरा बिटचं, म्हणजे १.१५ मिलिसेकंदाचं. आठ बाइटची विचारणा ९ मिलिसेकंद, दहा रजिस्टरचं २५ बाइटचं उत्तर २९ मिलिसेकंद, मधली शांतता आणि उपकरणाचा विचार करण्याचा वेळ धरून एका उपकरणाला पन्नास ते शंभर मिलिसेकंद. पीएलसी सोडून उरलेली सतरा उपकरणं दोन सेकंदात वाचून होतात. चेंबरचं तापमान दोन सेकंदात बदलत नाही. स्क्रीन हळू वाटत असेल तर बहुतेक वेळा एखादं बंद पडलेलं उपकरण पीएलसीला प्रत्येक फेरीत एक-एक सेकंद ताटकळत ठेवतं, त्याचा टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याचा वेळ) कमी करा. ९६०० सोडू नका.

बायसिंगचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत शेवटीच तपासायचा असतो. कोणीच बोलत नसतं तेव्हा लाइनवर फक्त दोन टर्मिनेटर असतात आणि ते ए-बीमधला फरक शून्याकडे खेचतात. काही रिसीव्हर त्या शून्याला कचरा अक्षर समजतात आणि खऱ्या उत्तराचा पहिला बाइट बिघडतो. त्यासाठी एका तारेला ५ व्होल्टकडे आणि दुसरीला कॉमनकडे ओढणारे दोन रेझिस्टर लावतात. हिशेब सोपा आहे: ६० ओहमवर २०० मिलिव्होल्ट हवेत, तर दोन्ही रेझिस्टर ७२० ओहमच्या आतले हवेत. बाजारात ६८० चा मिळतो, तो मोजून बसतो. मार्गदर्शिका ४५० ते ६५० सांगते, म्हणून मी ५६० वापरतो. एकाच जागी, पॅनेलमध्ये. आधी मात्र पॅनेलचा सप्लाय चालू ठेवून, पीएलसीचं पोलिंग (आळीपाळीने विचारणं) थांबवून ए-बीमध्ये डीसी व्होल्ट मोजा. २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर कंट्रोलरमध्ये बायस आहेच, वरून घालू नका. नव्या अनेक चिपना बायसची गरजच नसते.

आणि ए-बीची अदलाबदल झाली तर घाबरू नका, काही जळत नाही. मानकात ए म्हणजे ऋण आणि बी म्हणजे धन, पण कित्येक चिप बनवणाऱ्यांनी उलटं लिहिलं, त्यामुळे एका कंपनीचा ए दुसऱ्या कंपनीच्या बीला जोडावा लागतो. सगळं बरोबर असूनही एकच उपकरण गप्प असेल तर त्याच्या दोन तारा उलटून बघा, मग त्याचा पत्ता आणि पॅरिटी (बिट तपासणीची सेटिंग) तपासा.

क्रम असा ठेवा: आज रेझिस्टर काढून ओहम मोजा, उद्या पंपाची केबल पट्टीवरून पूर्ण सोडवून, पंपाकडचा रेझिस्टर पॅनेलवर लावून, फक्त चेंबर चालवून बघा. पुढची गाडी लोड होऊन चेंबर रिकामे झाले की लूपिंगचं काम एका दिवसात उरका, आणि सर्वांत शेवटी पंप. काम झाल्यावर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लाइनचं चित्र चिकटवा: कोणत्या चेंबरनंतर कोणता, कोणाचा पत्ता किती, रेझिस्टर कुठे कुठे आहेत. पुढच्या वेळी जो कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन येईल, त्याने आधी ते बघितलं पाहिजे.

आजच्या मोजणीचा आकडा, केबलचं टोक खरवडल्यावर दिसलेला रंग आणि कंट्रोलरचं मॉडेल कळवा. कंट्रोलरचा पोर्ट आयसोलेटेड आहे की नाही हे त्याच्या माहितीपत्रकातून कळेल, आणि त्यावर कॉमन तार कुठे जोडायची ते नक्की सांगता येईल.